अन्नपूर्णा कोणी नेली

मी, शशिधर नारायण पोतनीस, वय एकाहत्तर, राहणार मँचेस्टर, हा कागद स्वतःच्या हाताने आणि कोणी डोक्यावर उभे नसताना लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझा मुलगा राजीव शंका काढील, आणि ती सवय त्याने माझ्याकडूनच उचलली आहे. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. इंग्रजी भाषांतर वकिलाकडे आहे. दोन्हींत फरक आढळला तर हे खरे.

एक. घर राजीवला. तो स्टॅनमोरला राहतो, इथे येणार नाही, महिन्याभरात विकेल. विकण्याआधी माळ्यावरचे कागद त्याने स्वतः उतरवावेत, घर रिकामे करणाऱ्यांवर सोडू नयेत.

दोन. बँकेतली शिल्लक राजीवच्या मुलांना. मुलगी सुनीती हिने १९८६ च्या जूनमध्ये क्रॉयडनला पीटर नावाच्या इंग्रज माणसाशी माझ्या मनाविरुद्ध रजिस्टर लग्न केले. मी गेलो नाही. तिला काही ठेवलेले नाही.

तीन. मी सत्तावीस वर्षे एका ग्रंथालयात जुने कागद दुरुस्त केले. माझी कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी, खळीचे ब्रश आणि लहान दाबयंत्र माझ्या जागी आलेल्या अनुराधा कोरडे हिला द्यावे. ती ब्रश धुऊन ठेवते. हे मी दोनदा न सांगता जाऊन पाहिले आहे.

माझ्या सहा वह्याही तिलाच. साडेतीनशे वर्षांपूर्वी काही इंग्रज देश सोडून अमेरिकेच्या किनाऱ्यावर जाऊन वसले. तिथल्या एका गावच्या चर्चची नोंदवही माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. पाने जोडता जोडता मी ती मराठीत उतरवून घेतली. त्या लोकांचा शनिवारी सूर्य मावळला की संसार थांबायचा. रविवारी चूल नाही, आदल्या दिवशीचा गार घेवडा खायचा, म्हणजे दर आठवड्याला शितळासप्तमी. प्रार्थनेच्या घरात शेकोटी नाही. थंडीत प्रसादाचा पाव गोठून ताटात वाजायचा. कोणी कुठल्या बाकावर बसायचे ते मानपानाने ठरायचे. काठी घेतलेला एक माणूस डुलकी लागणाऱ्यांना ढोसायचा, आणि त्यानेच दहा घरांवर नजर ठेवायची, की कोण घरी प्रार्थना चुकवतो, कोणाच्या धुराड्यातून रविवारी धूर निघतो. आमच्या महाराष्ट्र मंडळात काठी नाही, एवढाच फरक.

त्या वहीत मर्सी नावाची बाई आहे. ती चर्चची भांडी घासायची. प्रसादाचा कथलाचा प्याला नाहीसा झाला. हात तिचाच लागत होता, म्हणून आळ तिच्यावर. तिला सर्वांपुढे उभे करून आरोप वाचला आणि नऊ वर्षे दाराबाहेर ठेवले. मग प्याला पाद्र्याच्याच धान्याच्या पेटीत सापडला. नोंद एका ओळीची आहे: मर्सीला आत घेतले. माफी मागितल्याचे कुठे नाही. ते पान जोडताना मला फार संताप आला होता.

चार. देवघर राजीवला, पण ते अपुरे आहे. त्यात माझी पत्नी सुप्रभा हिची पितळी अन्नपूर्णा होती. हातात पळी, डाव्या गुडघ्यावर घासल्याची खूण, तिच्या आईने लग्नात दिलेली. सुप्रभा फेब्रुवारी १९८७ मध्ये गेली. आम्हाला सुतक, देवाला हात लावायचा नाही. म्हणून ते दिवस माझा मित्र आणि मंडळाचा सेक्रेटरी शशिकांत देवस्थळी रोज येऊन पूजा करत होता. सुतक फिटल्यावर मी पूजेला बसलो तर अन्नपूर्णा नाही. मध्ये दुसऱ्या कोणाचा हात देवघराला लागलेला नाही. विचारले तर तो मान खाली घालून बसला. निर्दोष माणूस गप्प बसत नाही. राजीव म्हणाला, “बाबा, लेट इट गो ना.” मी सोडले नाही. आठ वर्षे शशिकांतला या घराचा उंबरा बंद आहे, आणि मूर्ती त्यानेच नेली असे मी इथे लिहून ठेवतो.

पाच. साक्षीसाठी मी शशिकांतलाच बोलावले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा इथला कायदा आहे, तो मला सोयीचा वाटतो. शिवाय कलम चार त्याने वाचावे आणि खाली सही करावी.

इथपर्यंत सोमवारी लिहिले. पुढचे बुधवारचे.

सहा. काल शशिकांत आला. कोट न काढता त्याने चारही पाने वाचली. सही करायला पेन उघडले आणि परत मिटले. म्हणाला, “शशी, अन्नपूर्णा लग्नात मुलीबरोबर जाते. तू लग्नाला आला होतास का?”

मग त्याने सांगितले. त्या जूनमध्ये सुप्रभा राजीवकडे जाते म्हणून निघाली ती शशिकांतच्या गाडीतून क्रॉयडनला गेली. नवी मूर्ती आणायला सवड नव्हती, म्हणून स्वतःचीच पदरात बांधून नेली. रजिस्ट्री ऑफिसच्या खिडकीत रुमालावर मूठभर तांदूळ ठेवून तिने लेकीला गौरीहर पुजायला बसवले आणि मूर्ती तिच्या ओटीत घातली. म्हणजे सुतकात पूजेला बसलेल्या शशिकांतने ती रिकामी जागा पाहिली होती, आणि ती का रिकामी आहे हे या घरात त्याला एकट्याला माहीत होते. सुप्रभा होती तोवर रोजची पूजा तीच करायची. मी लांबून हात जोडून बस पकडायचो. आठ महिने देवघरात एक देव कमी होता आणि साऱ्या जगावर नजर ठेवणाऱ्या मला ते दिसले नाही.

मग गप्प का बसलास, मी विचारले. वहिनींनी शब्द घेतला होता, तो म्हणाला. मग आज का मोडलास?

“माझ्यावरचा आळ मी सोसला असता. पण हे कागदावर राहिलं तर सुनीतीच्या घरची मूर्ती चोरीची ठरेल.”

मला रडू आले. ते त्याने पाहिले.

सात. कलम चार खोटे आहे. ते मी खोडत नाही. दुरुस्त केलेल्या कागदात जोड दिसली पाहिजे, असे मी आयुष्यभर शिकवले. राजीवने ते मंडळात सर्वांसमोर वाचावे आणि लगेच पुढची ओळ वाचावी: शशिकांत देवस्थळीने काही नेले नाही, मी त्याची माफी मागतो. त्याला काहीतरी ठेवावे म्हणून दुसरा साक्षीदार शोधतो म्हणालो, तर तो म्हणाला, साक्षीच राहू दे.

आठ. कलम दोन रद्द. शिल्लक सुनीती आणि राजीव यांना निम्मी निम्मी. देवघर सुनीतीला, म्हणजे अन्नपूर्णा आपल्या देवांत बसेल. येत्या शनिवारी सकाळच्या ट्रेनने मी स्वतः देव घेऊन क्रॉयडनला जात आहे. फोन केलेला नाही, केला तर ती नको म्हणेल अशी शंका आहे. तिने मला आत घेतले, तर देव तेव्हाच तिच्या हाती देईन, आणि देवांपुरते हे कलम रद्द समजावे. नाही घेतले, तर मी दाराबाहेर उभा राहीन. नऊ वर्षे माझ्याजवळ नाहीत, पण आहेत तेवढी आहेत.

लिहिणार: शशिधर नारायण पोतनीस (सही)

आम्ही दोघांनी एकत्र, त्यांच्या डोळ्यांदेखत सह्या केल्या:
१. शशिकांत देवस्थळी (सही). सर्व वाचले. शनिवारी मी बरोबर जात आहे.
२. वैजयंती गोरे, शेजारीण (सही)

मँचेस्टर, बुधवार, १५ मार्च १९९५