मधला रकाना

सोमवार, ३ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, आधी बूड टेक. मी एक घोळ करून ठेवलाय आणि तो तुला सांगितल्याशिवाय मला घास गिळवणार नाही.

गेल्या वर्षी आपल्या पोस्टमास्तर दादाच्या अनुदानाचा फॉर्म मी भरला होता, आठवतंय ना? तीस प्रश्न. कपडे घालता येतात का, चहा करता येतो का, रस्ता ओलांडता येतो का. प्रत्येकापुढे तीन रकाने: येते, मदतीने येते, येत नाही. मी चष्मा लावला, चांगलं पेन घेतलं आणि तीसच्या तीस ठिकाणी 'येते'वर खूण करून मोकळी झाले. भरता भरता मलाच वाटायला लागलं, याला इतकं येतंय तर मीच त्याच्याकडे राहायला जावं. हसू नकोस. आईने आपल्याला काय शिकवलंय? चारचौघांत दादाला येत नाही असं म्हणायचं नाही. ती जाऊन तीन वर्षं झाली, तरी ते दोन शब्द लिहायला माझा हात धजावला नाही. आणि मधला रकाना मला वाटलं, ज्यांना धड काही ठरवता येत नाही त्यांच्यासाठी असेल.

आता कार्यालयाचं पत्र आलंय. म्हणे सदर इसमास सर्व गोष्टी स्वतंत्रपणे येत असल्याने त्यास निवासी मदतीची गरज दिसत नाही, सबब एप्रिलअखेर अनुदान बंद. अनुदान बंद म्हणजे त्याची खोली बंद. ते चौघांचं घर, त्यांना सांभाळणाऱ्या मावशी, दारातली टपालपेटी, सगळंच. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला हुद्दा मिळालाय रे. रोज सकाळी पेटी उघडायची, ज्याचं टपाल त्याला द्यायचं. वाचता येत नाही पण अक्षर ओळखतो, आजवर एक पाकीट चुकलं नाही त्याचं.

मी कार्यालयात जाऊन भांडले. शेवटी ठरलं की तपासनीस बाई तेरा तारखेला सकाळी नाश्त्याच्या वेळी येऊन स्वतः बघणार. त्यांच्यासमोर काय बोलू ते सांग.

माझ्याकडे त्याचा कोच आहेच म्हणा. सध्या त्यावर इस्त्रीचे कपडे पडलेत. आई गेल्यावर आठ महिने तिथे झोपून त्याची पाठ धरली होती, आता काय होईल देव जाणे. चहा मात्र मी अजून दोघांचाच टाकते. जित्याची खोड.

लोभ माझ्याकडे भरपूर आहे, तू थोडी अक्कल पाठव.

तुझी,
ताई

शनिवार, ८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र क्रेनच्या केबिनमध्ये बसून वाचलं आणि असा हसलो, की खालून मुकादमाने शिट्टी मारली. तीसच्या तीस! अगं, मला स्वतःला त्यातल्या बाविसांच्या वर जाता येणार नाही.

आता नीट ऐक. उपाय एकच. तपासनीस बाईंना सांग, त्याला काहीच येत नाही. चहा येत नाही, बूट येत नाहीत, रस्ता तर नाहीच नाही. तू रडवेलं तोंड कर, ते तुला जमतं. मावशींनाही सांगून ठेव. फक्त दादाला त्या वेळी घरात ठेवू नकोस. त्याला काहीही विचारा, तो येतं म्हणणार. विमान चालवता येतं का विचारलं तरी येतं म्हणेल आणि वर टोपी शोधायला लागेल. त्याला तिकिटं आणायला म्हणून कुणाबरोबर तरी पोस्टात पाठव.

हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. मी पहिलीत असताना मला शाळेत सोडायला तोच यायचा, दोघांची दप्तरं एकटा उचलायचा. मला कुणी हसलं तर त्याच्यासमोर जाऊन उभा राहायचा. पण त्याची खोली जाण्यापेक्षा खोटं बोललेलं बरं. इथून इतक्या उंचीवरून सल्ला द्यायला माझं काय जातंय म्हणा, उंटावरचा शहाणा नसेन पण क्रेनवरचा आहेच.

वाचून झालं की फाडून टाक. दादालाही आजच वेगळं लिहिलंय, त्याच्या आवडीचं.

लोभ सोड, आधी तोंड रडवेलं करायचा सराव कर.

तुझा,
धाकटा

गुरुवार, १३ मार्च

चि. क्रेनवरच्या शहाण्यास,
आशीर्वाद आज नाहीत. बघू उद्या.

काल उशिरा पेटीत पडलेलं तुझं पत्र मी आज सकाळी उघडलं. प्रिय दादा, आज निळे कंटेनर अकरा, लाल चार, पिवळा एकच आणि तोही पोचे आलेला. मला वाटलं उंचीने तुझं डोकं फिरलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा उजेड पडला. गाढवा, पाकिटं बदललीस. दादाचं मला आलं, म्हणजे माझं कुठे गेलं असेल?

धावले. एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट. चार गल्ल्या मी या वयात कशा पार केल्या ते विचारू नकोस. दारातून बघते तर सगळे टेबलाशी. तपासनीस बाई मधोमध, मांडीवर फॉर्म. मावशी पत्र वाचतायत आणि आपला पोस्टमास्तर शेजारी उभा राहून ओळीवर बोट ठेवून आहे. त्याचा नियम तुला ठाऊक आहे. आलेलं पत्र तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर वाचायचं आणि मधलं काही गाळायचं नाही. मावशी थांबल्या की बोट टकटक करायला लागायचं.

बिचाऱ्या लाल-निळ्या झाल्या होत्या. त्याला काहीच येत नाही असं सांग, हे वाक्य त्यांनी इतक्या बारीक आवाजात वाचलं, की पलीकडच्या खोलीत राहणारे घड्याळवाले काका म्हणाले, ऐकू आलं नाही. मग त्यांना ते परत वाचावं लागलं, मोठ्याने.

बाई कपात बघायला लागल्या. मी दारातच, रडवेलं तोंड करायची वेगळी गरज उरली नव्हती. दादाने विचारलं की हे कुणी लिहिलंय. मावशींनी तुझं नाव सांगितलं. त्याने पत्राची घडी घातली आणि सरळ शेगडीकडे गेला.

मग जे सुरू झालं ते थांबेना. त्याने चहा केला. पाणी, पत्ती, दूध, सगळं बरोबर, साखर सहा चमचे. गॅस बंद करायचा राहिला, तो मावशींनी येता-जाता बंद केला, बघितलं न बघितल्यासारखं करत. मग बूट. त्याच्या बुटांना नाड्याच नाहीत, म्हणून तो टेबलाखाली शिरला आणि तपासनीस बाईंचे बांधले. गाठ झकास, फक्त एका बुटाची दुसऱ्याला. बाई उठल्या आणि थेट मावशींच्या अंगावर. घड्याळवाल्यांनी वेळ जाहीर केली, आठ चौतीस. मी तोंडात पदर कोंबला. बाईंना वाटलं मी रडतेय, त्यांनी मला पाणी दिलं. मग त्याने रस्ता ओलांडून दाखवला, दोनदा, आणि दोन्ही वेळा कोपऱ्यावर थांबून मावशींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली की निघायचा. घाई नाही, गडबड नाही.

शेवटी बाईंनी त्याला समोर बसवलं आणि विचारलं, मावशी नसतील तर? मी डोळे मिटून घेतले. आता हा येतं म्हणणार आणि सगळं संपणार. तो बराच वेळ विचार करत बसला. आणि धाकट्या, जन्मात पहिल्यांदा तो येतं म्हणाला नाही. तो म्हणाला, "मावशी असते." आणि टोस्टला लोणी लावायला लागला.

बाईंनी मला बाजूला घेतलं, मधला रकाना पूर्ण कोरा का, म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं, की मला वाटलं तो ज्यांना ठरवता येत नाही त्यांच्यासाठी आहे. त्या इतक्या हसल्या की पेन खाली पडलं. मग म्हणाल्या, अहो, अनुदान असतं ते त्या मधल्याच रकान्यासाठी. निर्णय महिन्याभरात कळेल.

आता तुझ्यापुरतं. दारातल्या पेटीशेजारी त्याने एक खोका ठेवलाय, चुकीच्या पत्त्यावर आलेल्या टपालासाठी. तुझं पत्र त्याने त्यात टाकलंय. मी विचारलं तर म्हणाला, हे आपलं नाही. याचं काय करायचं ते तू बघ, इथे माझी मात्रा चालणार नाही.

तुझी, चप्पल आणि बूट घातलेली,
ताई

बुधवार, १९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाकिटावरचा पत्ता तीनदा तपासलाय. हे तुझंच आहे. मावशी, यातलंही काही गाळू नका.

दादा, ते पत्र तू खोक्यात टाकलंस ते बरोबर केलंस, ते तुझं नव्हतंच. मी चुकलो. तुझ्याबद्दल जे लिहिलं ते घाबरून लिहिलं. ताई म्हणते तुझ्याकडच्या फॉर्मला तीन रकाने असतात. माझाही भर. क्रेन चालवता येते का: येते. पाकिटात बरोबर पत्र घालता येतं का: येत नाही. माफी मागता येते का: मदतीने येते. म्हणून मावशींना वाचायला सांगितलंय.

आज निळे सात, लाल नऊ. हिरवा एक, तुझ्यासाठी राखून ठेवलाय.

रागावला असशील तर रागाव, पण पत्र खोक्यात टाकू नकोस.

तुझा,
धाकटा

शुक्रवार, ११ एप्रिल

चि. धाकट्यास,
साठलेले सगळे आशीर्वाद एकदम.

मंजूर! तीन वर्षांसाठी. कार्यालयाचं पाकीट आज आलं, पोस्टमास्तराने स्वतः पेटीतून काढलं आणि मला निरोप धाडला. मी पोचेपर्यंत कुणाला उघडू दिलं नाही. घड्याळवाले सांगतात, मी अकरा मिनिटं लावली. मावशींनी वाचलं. तीसपैकी एकवीस ठिकाणी मदतीने येते, आणि शेरा आहे की मदत काढून घेतल्यास इसम राहू शकणार नाही, मदत असल्यास उत्तम राहतो. आम्ही सगळे नाचलो. मावशीसुद्धा, आणि त्यांचे गुडघे काय आहेत ते तुला माहीत नाही.

तुझं पत्र खोक्यात नाही हो. त्याच्या उशाखालच्या डब्यात आहे, मी बघितलं. हिरवा कंटेनर कधी पाठवतोस म्हणून विचारतोय.

मी घरी आले, कोचावरचे कपडे उचलले, घडी केली आणि परत तिथेच ठेवले. आता कुणी येणार नाही त्यावर झोपायला. किती बरं झालं. रात्रभर हसत होते आणि मधूनच डोळे पुसत होते, वय झालं दुसरं काय.

लोभ वाढतोच आहे, त्याला सांगावं लागत नाही.

तुझी,
ताई

मंगळवार, १५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर मावशींचं. सांगणारा मी. मावशी मधे बोलत नाहीत.

तू चार गल्ल्यांवर आहेस तरी तिकीट लावलंय. टपाल म्हणजे टपाल.

तपासनीस बाईंनी मला एक कोरा फॉर्म दिला. मी तुझा भरला.

ताईला धावता येतं का? येतं.
ताईला दोन पायांत एकसारखं घालता येतं का? येत नाही.
ताईला चहा करता येतो का? येतो. एक कप जास्त होतो.
ताईला एकटीला राहता येतं का? इथे मी विचार केला. मावशी म्हणाल्या घाई नाही. मग खूण केली. मदतीने.

कोचावरचे कपडे उचल. मी रविवारी येतो.

साखर सहा चमचे.

तुझा,
पोस्टमास्तर