धुण्यातला रंग

मुरुड

प्रिय दुआ बेटी,

सलाम. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? गोळ्या घेतल्या का, एवढंच विचारत बसतेस.

तुझ्या अम्मीचा तो रोल शेवटी मी अलिबागला हर्षदच्या स्टुडिओत धुवायला दिला. मी कुवेतला नोकरीला असताना आणलेली ती कोडाक्रोम, रंगीत फोटोंची फिल्म. अम्मी फोटोला कधी उभीच राहायची नाही. त्या ईदला कशी कोण जाणे तयार झाली, तीही हात पुसू दे म्हणत मला वाडीत ताटकळत ठेवून. रोलमध्ये पाच-सहा फोटो काढायचे शिल्लक राहिले. रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही, ही आपल्याकडची रीत. उरलेले पुढच्या सुट्टीत काढू म्हटलं आणि सुट्टीआधी तीच गेली. तू तेव्हा रांगत होतीस. उरलेले फोटो मग कशाचे काढायचे? रोल तसाच राहिला.

हर्षदने मला खूप अडवलं. या फिल्ममध्ये रंग नसतोच म्हणे. आत नुसते काळ्या-पांढऱ्याचे तीन थर. निळा, किरमिजी, पिवळा रंग धुताना एकेका थरात बाहेरून भरायचा. कपड्याचा रंग धुण्यात जातो, हिचा धुण्यात येतो, सगळाच उफराटा कारभार. ते धुणं जगभरात कधीच बंद पडलं. फिल्म पुन्हा बाजारात आणायच्या गोष्टी अधूनमधून निघतात, पण ती रसायनं आणि यंत्रंही परत यायला हवीत. थांबा चाचा, म्हणाला, एकदा काळं-पांढरं धुतलं की रंग कायमचा गेला. इतकी वर्षं त्याच आशेवर थांबलो होतो. या वेळी ऐकलं नाही.

फोटो सोबत ठेवलेत. अम्मी तुझ्यासारखीच हसलीय, ओठ मिटून. रंग मी सांगतो. ओढणी डाळिंबी. बांगड्या हिरव्या. डोळे घारे. कडेवर तू आहेस, तुझं झबलं पिवळं, तिनेच शिवलेलं.

हे नीट जपून ठेव. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, माझा विसराळूपणा नुसता वयाचा नाही, तो वाढत जाणार. ते रंग आता फक्त माझ्या डोक्यात आहेत, म्हणून घाई केली. परवा जुम्याच्या नमाजनंतर तिच्या कबरीपाशी दुआ मागायला उभा राहिलो आणि बेटी, मला तिचं नाव आठवेना. शेजारी उभ्या केसरभाईला विचारावं लागलं. घरी येऊन खूप रडलो. आज आठवतंय, तोवर लिहून ठेवतो. गुलबानू.

तुझाच,
अब्बा