सरिताच्या आजोबांची बाटली

चि. सौ. जिजाबाईस,

लामत्याहून तुह्या मोठ्या बहिणीचा, मैनाचा, ओंजळ भरून आशीर्वाद. राजेगावले सारे खुशाल असतीन. तुहा गुडघा कसा आहे? आता तो पसरून बस अन् वाच, कारण मले इतका आनंद झाला आहे का अक्षरं एकमेकांवर चढून राह्यली. तुह्या भाऊजीचा जीव वाचला! (घाबरू नको, वाचला असंच लिहिलं आहे.)

दिवाळीपासून सकाळी त्यांचं तोंड सुजे अन् सांजेले पाय. लोक म्हणत, बुढा अंगानं भरला, मैनाबाईच्या हाताले चव आहे. (मले काय मालूम! मी अजून तूप वाढत गेली.) एक दिवस आपल्या नातीनं, सरितानं, त्यांच्या पायावर बोट दाबलं तर भिजल्या कणकीवाणी खड्डा पडला अन् तसाच राह्यला. तव्हा मी बालाघाटच्या डॉक्टरले विचाराले गेलती. ते म्हणे, सकाळची लघवी आणा, गुर्द्याची, म्हंजे मूत्रपिंडाची, बिमारी असंल तर तेच सांगते. हे कुठले येतात! बाटली भरून देली तेच उपकार. छोट्या रेलगाडीत पदराखाली धरून नेली.

तिथं कंपोंडर दुलीचंद बाटलीवर चिकटवाले नाव विचारे. मी यांचं नाव कसं घेऊ? सरिताचे आजोबा म्हटलं. तो म्हणे, "अम्मा, आजोबा तो सबके होते हैं, नाम बोलो." उखाण्यात घेतलं असतं, पण जिजे, हातात तशी बाटली धरून कोणता उखाणा घ्यावा? मांगं माणसं खोळंबलेली. मंग त्यानं माहंच नाव विचारून चिकटवलं. चिठ्ठी आली तीही तशीच: मैनाबाई, गुर्द्यात बिघाड, मीठ बंद.

घरी तुह्या भाऊजीनं चिठ्ठी वाचली अन् म्हणाले, "बिमारी तुले, अन् अळणी मले काहून?" लाख सांगतलं का बाटली तुमची होती. "कागदावर कोणाचं नाव आहे?" (जनमभर लोकांचे अर्ज लिहिले, कागदापुढे देवालेही मानत नाही.) वरून माह्या ताटातलं मीठ अन् लोणचं उचलून आपल्या ताटात घेतलं! म्हणे, तुह्या जिवाले जपतो. पाय असे झाले का जोड्यात जाईना. शेवटी मी सांगतलं, बालाघाटले येत नाही तोवर चूल पेटत नाही. दुपारपर्यंत टिकले.

डॉक्टरनं दोन काचेच्या नळ्या घेतल्या, एकीत त्यांची, एकीत माही, अन् आमच्यासमोर दिव्यावर तापवल्या. माही झऱ्याच्या पाण्यावाणी नितळ. (जिजे, असा गर्व तर मले लेकाच्या लग्नातही वाटला नाही.) यांची मात्र अंड्याच्या पांढऱ्यावाणी गोठत गेली. डॉक्टर म्हणे, अंगातलं सत्त्व गुर्द्यातून गळून राह्यलं. परतताना गाडीत हे एवढंच म्हणाले, "तुही बरी साफ होती."

तव्हापासून मीठ बंद, गोळ्या चालू. सूज उतरली, जोडा पायात जाते. मांगच्या हप्त्याले पुन्हा तापवली तर जराशीच धुई, धुक्यावाणी! डॉक्टर म्हणे, वेळेवर कळलं, नाहीतर कठीण होतं. मी तिथंच पेढे वाटले. (या खेपी नाव यांनी आपल्याच तोंडानं सांगतलं, तेही ओरडून.)

लेकराबाळांले माहा मुका सांग.

तुही,
मैना

ता. क. डॉक्टर म्हणे, दर हप्त्याले पाहात जा. हे काही दर हप्त्याले गाडीत बसत नाही. तुह्या जावयाचं गोंदियाले दवाईचं दुकान आहे, त्याच्याकडून दोन काचेच्या नळ्या अन् तसा दिवा पाठव. चार जास्तच पाठव, शेजारची शेवंताबाई अन् तिची जाऊ आतापासून बाटल्या धुऊन बसल्या आहेत.

आणखी ता. क. लवकर पाठव. या हप्त्याले मी यांची चहाचं पातेलं आहे न, त्या गंजात तापवून पाह्यली. नितळ निघाली, जिजे, एकदम नितळ! गंज राखेनं घासला आहे. तू आली का तुहा चहा दुसऱ्यात करीन. यांले सांगू नको, यांचा त्यातच होते.