लियानगुरुजींचा पट्टशिष्य

५ एप्रिल २०१४, शनिवार
आज सापे विकत घेतलं. मलेशियातल्या सारवाकच्या जंगलातलं तंतुवाद्य. एका लाकडात होडीसारखं कोरलेलं, पडदे मेणाने चिकटवलेले. बोटाने जोर दिला तर पडदे सरकतात. हे मला फार आवडलं. आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटतं.

इथे सिंगापुरात, टँपिनीसच्या कम्युनिटी क्लबात दर शनिवारी क्लास. शिकवणारे लियान, सारवाकमधल्या बाराम नदीकाठचे, केन्या जमातीचे आदिवासी. वय बत्तीस, अंगात फुटबॉलची जर्सी. मी चव्वेचाळीस. पण गुरू तो गुरूच, वय बघायचं नसतं.

मुख्य बातमी: सप्टेंबरमध्ये पुलाउ उबीनवर म्युझिक ट्रेल आहे. सारवाक, साबा, मलाया, सगळीकडचे आदिवासी कलाकार बेटावर जागोजागी वाजवणार, लोकांनी चालत चालत ऐकायचं. प्रत्येक कलाकार शेवटची धून आपल्या एका विद्यार्थ्याबरोबर वाजवणार. क्लासात आम्ही चौघं: दोन रिटायर्ड चिनी आंटी, एक फिलिपिनो नर्स आणि मी. संगीताची प्रवेशिका पूर्ण परीक्षा फक्त माझी झालेली.

संकल्प: तो विद्यार्थी मी.

विनीताला सांगितलं. ती म्हणाली, छान, आणि हार्मोनियम सध्या कुठे असते रे आपली? बायको म्हणून तिला विचारण्याचा हक्क आहे. मी सापे पुसायला घेतलं.

१२ एप्रिल
गुरुजी म्हणाले, पहिला महिना वाद्याला हात लावायचा नाही. त्यांच्या लाँगहाउसमध्ये, म्हणजे अख्ख्या गावाच्या एका लांब घरात, असंच शिकतात. बसायचं, ऐकायचं. मी ओळखलं, ही परीक्षा आहे. आपल्याकडेही गुरू आधी पाणी भरायला लावत.

घरी येऊन थोडं वाजवलं. हा नियमभंग होतो का, यावर प्रामाणिकपणे विचार केला. नियम क्लासपुरता आहे.

मुलगी वल्लरीही येते माझ्याबरोबर. चौदा वर्षांची आहे, क्लासनंतर समोरच्याच ब्लॉकमध्ये तिची मॅथ्सची ट्यूशन. मागच्या खुर्चीवर फोन घेऊन बसते. या पिढीला कानच नाहीत.

३ मे
मोठा शोध. सापे म्हणजे भूप! सा रे ग प ध, मध्यम नाही, निषाद नाही. क्लास थांबवून गुरुजींना समजावून सांगितलं, गाऊनही दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, मेबी यू पीपल हर्ड इट फ्रॉम अस. विनोदी आहेत.

मी त्यांना कमी लेखलं का? टँपिनीस ते सिमेई एमआरटी मेट्रोत मनाची तपासणी केली. एकच स्टेशन आहे, पण कसून केली. नाही लेखलं.

गांधार मात्र त्यांचा किंचित उतरलेला आहे. घरी तानपुऱ्याचं अॅप लावून माझ्या सापेचे पडदे नीट करून घेतले.

१७ मे
पडदे परत मूळ जागी सरकलेत. एअरकॉन आणि दमट हवा. पुन्हा भूपात आणले.

२४ मे
वल्लरीने विचारलं, बाबा, मी ट्राय करू? मी वाचलंय की पूर्वीच्या काळी बायका सापेला हात लावत नसत. तिला शांतपणे समजावलं की दुसऱ्याच्या संस्कृतीचा मान ठेवायचा असतो. शिवाय मॅथ्स. ती म्हणाली, देन यू केन्या मेह? म्हणजे मी तरी कुठे केन्या. विनीता स्वयंपाकघरात हसली. भांड्याचाही आवाज असू शकेल.

मुलगी म्हणून मी तिच्यावर अन्याय करतोय का? जेवण होईपर्यंत विचार केला. मी नाही, परंपरा करते आहे. मी फक्त परंपरेचा आदर करतो.

१४ जून
पडदे परत सरकलेले. एअरकॉनवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, मशीन ओके. या लोकांना संगीताची बाजू कळत नाही.

१२ जुलै, गुरुपौर्णिमा
योगायोगाने शनिवार. लिटिल इंडियातून नारळ, शाल, पेढे आणले. क्लासात शिरल्या शिरल्या वाकून गुरुजींच्या पायांना हात लावला. त्यांना वाटलं माझं काहीतरी खाली पडलं. तेही वाकले आणि शोधू लागले. मग नर्सही. मोबाइलचा टॉर्च लावला गेला. वल्लरीने शेवटी त्यांना इंग्रजीत समजावलं. तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नारळ आंटींना दिला. शाल स्वतः ठेवली. म्हणजे शिष्य म्हणून स्वीकार झाला.

२६ जुलै
आज गुरुजींनी प्रत्येकाचं वाजवणं ऐकलं. माझं झाल्यावर त्यांनी स्वतःचं सापे खाली ठेवलं. मग म्हणाले, दिलीप, ट्रेलच्या दिवशी लवकर ये, अगदी पुढे बस आणि ऐक. आय नीड यू टू लिसन.

पुढे! शब्द मोजके, अर्थ स्पष्ट.

नंदू जहाजावरून परत आलाय. मरीन इंजिनियर, आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, अरे शहाण्या, तो तुला प्रेक्षकांत बसवतोय. नंदूला पंपातलं कळतं.

महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं: ‘उबीनवर सापेवादन, सहभाग आपला दिलीप.’ खूप अंगठे आले. विनीताने मेसेज वाचला, माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि कुकरकडे गेली. अभिमानाने बोलता येत नसावं.

१६ ऑगस्ट
वल्लरीने स्वतःहून बुधवारीही ट्यूशन लावून घेतली. मी नाही म्हटल्याचा परिणाम. कधीकधी बापाला कठोर व्हावं लागतं.

पडदे सरकलेले. नीट केले.

६ सप्टेंबर
मनाला टोचणी. आदिवासी कलाकारांच्या सोहळ्यात मी, कर्वेनगरचा, चांगी बिझनेस पार्कातला बॅक-ऑफिस मॅनेजर, कोणत्या अधिकाराने बसणार? ही जागा त्यांची. मागे व्हावं का? दोन दिवस अस्वस्थ होतो. मग उमगलं, शिष्य हा गुरूच्याच घरचा. मोकळं वाटलं. कुडता इस्त्रीला दिला.

२० सप्टेंबर, ट्रेल
विश्वासघात.

जेट्टीच्या बाकावर बसून फोनवर लिहितोय. सकाळी सगळे मिळून बमबोटीने, म्हणजे इथल्या छोट्या लाकडी मोटरबोटीने, आलो. मी, विनीता, वल्लरी, नंदू आणि मंडळाची माणसं. सापे मांडीवर उभं धरलं होतं. नंदू मलाच म्हणाला, गुरुजी, वल्हं मारताय का?

गावातल्या वायांग स्टेजपाशी, चिनी नाटकं होतात तिथे, गुरुजींची जागा. मी लवकर पोचलो, थेट स्टेजवर चढलो. गुरुजींनी हाताला धरून मला खाली आणलं, प्रेमाने पहिल्या रांगेत बसवलं आणि माझं सापे भिंतीला टेकवलं. बाजूला बोर्ड होता. लियान, खाली लहान अक्षरांत ‘विथ वल्लरी’.

मला वाटलं, सिंगापुरात दुसरीही वल्लरी असेल.

मग ती आली. माझी शाल तिच्या खांद्यावर. गुरुपौर्णिमेची.

सगळं एकदमच कळलं. बुधवारची ट्यूशन म्हणजे लियान. विनीता तिला सोडायला जात होती. नंदूलाही माहीत होतं. मी विनीताला म्हटलं, तूसुद्धा? ती म्हणाली, अरे, तीनदा सांगायला आले. दोनदा तू रियाज करत होतास आणि एकदा पडदे नीट करत होतास. मी लियानला (गुरुजी म्हणणार नाही यापुढे) विचारलं, तुमच्यात मुली हात लावत नाहीत ना? तो म्हणाला, ते आजोबांच्या वेळी. माझी बहीण माझ्यापेक्षा बरं वाजवते. तुझी मुलगी पहिल्या दिवसापासून मागे बसून ऐकत होती. मी एवढंच शिकवतो.

मी उठलो. मंडळाच्या सगळ्यांदेखत. सापे उचललं आणि निघालो.

जेट्टीवर बोटवाले अंकल पाय पसरून बसलेत. म्हणाले, ट्वेल्व्ह पर्सन, देन गो. मी एकटाच. बाकी अख्खं बेट स्टेजसमोर. सकाळी सगळे बरोबर असताना या नियमाचं काही वाटलं नव्हतं.

थोड्या वेळाने
लाउडस्पीकर इथपर्यंत ऐकू येतोय. शेवटची धून. दोन सापे आहेत. एक खाली एकच स्वर धरून बसलंय, टुंग टुंग टुंग, एकसुरी. ही वल्लरी. माझ्यासारखा तयार माणूस सोडून हे?

पण वरचं सापे. तो गांधार. मी वर चढवत होतो तोच, उतरलेला. तिथेच हवा होता. लियान माणूस म्हणून कसाही असो. इथे अंकलनी रेडिओ बंद केलाय. मला पुढचं लिहिता

नंतर, बोटीत
धून संपल्यावर चाळीस-एक माणसं जेट्टीवर आली. आमच्या बोटीत बारा जण भरले, बहुतेक सगळे माझेच. कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. वल्लरी शेजारी येऊन बसली. जागाच तेवढी होती.

तिने विचारलं, बाबा, हर्ड ऑर नॉट?

मी न्यायाने वागायचं ठरवलं. म्हटलं, ऐकलं. लियानने वरची धून फार सुंदर वाजवली. तुझं खालचंही ठीक होतं, फक्त जरा एकसुरी.

इंजिनाचा आवाज मोठा होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. नंदू पाण्याकडे बघायला लागला. वल्लरी म्हणाली, खालचं लियान वाजवत होते, बाबा.

 पुढे चांगी येईपर्यंत तिने डोकं माझ्या सापेच्या पिशवीला टेकवलं होतं. मी पिशवी हलवली नाही.

२८ सप्टेंबर, रविवार
आठवडाभर बोललो नाही. मला फसवलं गेलं हे माझं मत कायम आहे. क्लास सोडला. सापे हॉलमध्ये बाहेर ठेवलंय, पिशवीत लाकूड कुबट होतं म्हणून.

दुपारी विनीताबरोबर भाजी आणायला गेलो. परत आल्यावर पाहिलं, पडदे पुन्हा सरकलेले. वल्लरी तिच्या खोलीत, दार बंद.

तानपुऱ्याचं अॅप उघडलं. बंद केलं.

हवा फारच दमट आहे. राहू देत तसेच.