चहापुरती शेगडी

नैरोबी
३ जून १९९६

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

शेगडी सोमवारच्या बसने निघाली. आतून मातीचं अस्तर आहे, आडवी करू नका असं कंडक्टरला तीनदा बजावलं. चौथ्यांदा तोच माझ्यावर खेकसला. सामानात हरवू नये म्हणून पत्र्यावर पांढऱ्या रंगाने ठसठशीत नाव घातलंय: न्यार उयोमा, असेंबो. आपल्या धाकट्या ओबिएरोची बायको उयोमाची लेक म्हणून साऱ्या गावाची न्यार उयोमा. तिचं खरं नाव घातलं असतं तर पोस्टमास्तरही चक्रावला असता.

शेगडी तुझ्या घरात ठेवायची नाही, तिच्या झोपडीत ठेवायची, हे मुद्दाम लिहिते. सात माणसांचा स्वयंपाक ती तुझ्या चुलीवर रांधते आणि तू त्याच खोलीत निजतेस. आणखी एक हंगाम धुरात काढलात तर तिसऱ्यांदा इस्पितळात आणाल आणि तेव्हा मी काही सांगू शकणार नाही, हे किसुमूचे डॉक्टर माझ्यासमोर बोलले. तू खिडकीबाहेर बघत होतीस, पण ऐकलंस हे मला माहीत आहे.

सोबत एक वही आणि वजनकाटा आहे. रोज किती लाकूड जळलं ते ओबिएरोने लिहायचं. ही शेगडी गावात चालली तर कारखान्यातले साहेब अशा दोनशे करू म्हणतात. पण मला आधी तुझा खोकला थांबायला हवाय, मग ते दोनशे.

जपून राहा.
तुझी,
अपोंडी

असेंबो
१९ जून १९९६

चि. अपोंडीस,
अनेक आशीर्वाद.

शेगडी सुखरूप पोचली. फार देखणी केली आहेस. सगळी आळी बघून गेली. तुझे ओकुंबेकाका तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून, वरचं नाव वाचून निघून गेले. न्यार उयोमाने त्याच दिवशी तिच्यावर चहा केला. चमचाभर काटक्यांत पाणी उकळलं आणि धूर म्हणशील तर नावालाही नाही. चर्चचे पास्तर दोन कप प्यायले.

वही ओबिएरो लिहितो. त्याचं अक्षर शाळेत असताना होतं तसंच आहे. तुला लागेल तसं वाच. पाकिटावर तू गावाचं नाव दोनदा वेगवेगळं लिहिलंस. चौतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्यात, मला दिसतंच.

माझा खोकला आहे तसाच. काळजी करू नकोस. ओमेना मासळी वाळवून ठेवली आहे, कुणी येणारं असलं की पाठवते.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी,
आई

नैरोबी
४ जुलै १९९६

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

वहीची पानं मिळाली आणि माझं डोकंच चालेना. शेगडी रोज पेटते, सगळे तिचं कौतुक करतात, आणि लाकूड मात्र आधी रोज नऊ किलो जळायचं ते आता अकरा! हा काय प्रकार आहे? मी ओबिएरोचा हिशेब चारदा तपासला. काटा बिघडला असेल म्हणावं तर तसाच काटा इथे बरोबर दाखवतो.

मला वाटतं शेगडीच चुकली. मक्याच्या पिठाची उगाली घोटताना जोर लागतो, तेव्हा ती हलत असेल. म्हणून पाय रुंद केलेत. मोठं पातेलं नीट बसत नसेल. म्हणून वरचं कडं बदललंय. लाकूड आत सरकवायचं तोंडही मोठं केलंय. सुटे भाग उद्याच्या बसने येताहेत, ओबिएरोला बसवायला सांग. कारखान्यातला म्हातारा लोहार मला विचारतो, बाई, तुझ्या आईला शेगडी हवी आहे की विमान?

आई, खरं सांग. ती हलते का? चटके बसतात का? उगाली खालून लागते का? मला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नकोस. तुला धाप लागते असं ओबिएरोने समासात लिहिलंय, खोडलंय, आणि मी ते उजेडासमोर धरून वाचलंय.

उत्तर लगेच दे.
तुझी,
अपोंडी

असेंबो
२१ जुलै १९९६

चि. अपोंडीस,
अनेक आशीर्वाद.

पाय बसवले, कडं बसवलं, तोंडही बसवलं. शेगडी आता हत्ती बसला तरी हलायची नाही. पण पोरी, ती आधीही हलत नव्हती. तिच्यावर उगाली कधी शिजलीच नाही, मग हलणार कशी?

शेगडी आली त्या संध्याकाळी ओकुंबेकाका परत आले. म्हणाले, थोरल्या ओगोलाच्या बायकोची चूल अजून या अंगणात मांडलेली नाही आणि धाकटीच्या दारात नाव घातलेली चूल आली, हे कसं? मी म्हटलं, ही चूल कुठे, हा तर पत्र्याचा डबा. पास्तर माझ्या बाजूने बोलले. शेजारीण म्हणाली, तीन धोंडे नसतील तर चूल कशी होईल? काका म्हणाले, जिच्यावर उगाली शिजते ती चूल, मग ती धोंड्यांची असो की सोन्याची. मलाही कळेना. अजून कळत नाही. पण थोरल्याला डावलून धाकट्याने पेरलं, बांधलं, चूल मांडली की पोराबाळांवर काय अरिष्ट येतं ते आपण लहानपणापासून ऐकत आलोय. न्यार उयोमाला दिवस गेलेत. तिच्या पोटावर प्रयोग करायची माझी छाती नाही.

शेवटी तोड निघाली की चहाने चूल होत नाही. म्हणून शेगडीवर चहा, आणि उगाली, ओमेना, भाजी सगळं माझ्याकडे. दिवसातून सहादा चहा होतो. गावातला जो तो शेगडी बघायला येतो आणि पिऊन जातो. तुझे वरचे दोन किलो तिथे गेले.

रागावू नकोस. तुला लिहायला लाज वाटली.
तुझी,
आई

नैरोबी
३० जुलै १९९६

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नको म्हणतेस! महिनाभर मी पायांची मापं घेत बसले आणि तिकडे गावाला चहा पाजला जातोय. आणि सगळ्यात मूर्ख मीच. नांगरणी, पेरणी, घर, सगळ्यात थोरला आधी हे मला काय ठाऊक नव्हतं? पण मीही पत्र्याचा डबाच समजले. चूल म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि धंदा काय तर चुली करायचा!

मग ती उचलून तुझ्याच खोलीत का आणत नाही? बिनधुराची शेगडी तुझ्याजवळ जळली तर काय बिघडतं? आणि ते जमत नसेल तर मोंबासाला ओगोलादादाकडे लिही. वहिनीसाठी दुसरी शेगडी मी आठवड्यात करते. तिने यावं, तुझ्या हातून ती घ्यावी, एकदा उगाली शिजवावी, की धाकटीचा रस्ता मोकळा. एवढं सोपं आहे. सात वर्षांत ती एकदाही का आली नाही, हे मला कुणी कधी सांगितलंच नाही.

तुझीच,
अपोंडी

असेंबो
११ ऑगस्ट १९९६

चि. अपोंडीस,
अनेक आशीर्वाद.

सुनेच्या नावाची चूल तिच्या दारातून उचलायची म्हणजे तिला माहेरची वाट दाखवायची. ते मी करणार नाही.

तुझ्या दुसऱ्या उपायाचं ऐक. तू तेव्हा परीक्षेला बसली होतीस. तुझी वहिनी न्यार कानो लग्नानंतर पहिल्यांदा आली, तेव्हा मी तिला उगाली करायला सांगितली. शहरातली पोर, गॅसवर शिकलेली. पीठ कच्चं राहिलं, गोळ्या झाल्या. घरात तीस बायका होत्या. मी पातेलं उचलून कोंबड्यांपुढे ओतलं आणि म्हणाले, हिला चूल मांडून देण्यापेक्षा कोंबड्यांना देईन. सगळ्या हसल्या. मीच आधी हसले. शिक्षिकेची जीभ, दुसरं काय. ती दुसऱ्या सकाळी गेली. दिवाभीतासारखी तोंड लपवून नाही, सगळ्यांचा निरोप घेऊन, मला नमस्कार करून गेली. ते मला जास्त लागलं.

आता कुठल्या तोंडाने लिहू? चार कागद फाडले. खोकला सोसवतो गं, हे सोसवत नाही. पुढचं तू विचारू नकोस.

तुझी,
आई

मोंबासा
६ सप्टेंबर १९९६

चि. अपोंडीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं माझं पत्र लिहिण्याइतकं कधी जमलं नाही, तेव्हा वहिनीचं अक्षर पाहून दचकू नकोस. सगळे ठीक आहेत, हे आधी.

परवा दुपारी दार वाजलं. उघडलं तर आई. एकट्या! दोन बस बदलून, रात्रभर बसून आलेल्या. एका हातात वाळलेल्या ओमेनाची पिशवी, दुसरा हात भिंतीला. बोलायला दम नव्हता. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. मला वाटलं, ओगोलाचं काही झालं की काय. ते तर कामावर होते. मग वाटलं, ओबिएरोचं. मी एकेक नाव घेऊन विचारत होते आणि त्या मान हलवत होत्या.

दम परत आला तेव्हा पहिलं काय म्हणाल्या असतील? भूक लागली आहे, उगाली कर, म्हणाल्या. सात वर्षं रोज करते मी, नवरा चाटूनपुसून खातो, तरी त्या दिवशी पीठ सांडलं, पाणी कमी पडलं, आणि खरं सांगते, पुन्हा गोळ्या झाल्या. ताट पुढे ठेवून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. हाक आली. गेले तर ताट रिकामं, आणि त्यांनी ते पुन्हा पुढे केलं. दुसऱ्यांदाही सगळं खाल्लं. माझ्याकडे बघत, एकेक घास.

मग जे बोलल्या ते अपोंडीला कळवू नकोस असं बजावलंय, म्हणून लिहीत नाही. इतकंच लिहिते की संध्याकाळी ओगोला घरी आले तेव्हा आम्ही दोघी रडून रडून सुजलो होतो आणि ते दारातच घाबरून उभे राहिले.

इथल्या डॉक्टरांना दाखवलं. फुप्फुसं होती तशी आता होणार नाहीत. पण धूर आजपासून बंद झाला तर अजून बरीच वर्षं आहेत, म्हणाले. म्हणून वीस तारखेला, शुक्रवारच्या बसने आम्ही तिघं असेंबोला निघतोय. तू म्हणालीस ती दुसरी शेगडी त्या शनिवारच्या आत पोचेल अशी पाठव. आणि तिच्यावर नाव घालायचं ते आई स्वतः तिथे घालणार आहेत. तू रंगाचा डबा तेवढा दे.

बाकी भेटीत. मला विसरली नाहीस, तशीच राहा.

तुझी वहिनी,
न्यार कानो