आईच्या वाट्याची चिठ्ठी

१२ मार्च, शनिवार
टँकर आला नाही. चर्चच्या आवारातली विहीर खरवडून दोन घागरी, त्याही गढूळ. आईने उजव्या हाताने दोर ओढायचं सोडलं आहे. डाव्याने ओढते आणि कोणी बघत नाही ना ते बघते. मी बघितलं. छातीतली गाठ काखेपर्यंत गेली असणार.
म्हटलं, सोमवारी लातूरला जाऊ. अहमदपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मोठ्या दवाखान्यासाठी दिलेला कागद डिसेंबरपासून ट्रंकेत पडून आहे.
"रुथे, कितींदा सांगू? मला वचन मिळालंय. तूच वाचलंस की."
मीच वाचलं. हो.

१३ मार्च, रविवार
आईने उपासनेत उभं राहून साक्ष दिली. "दाक्तरीनबाई म्हनली, कापावं लागंल. देव म्हनला, मी बरी करतो. आता मी कुनाचं ऐकू?" सगळे आमेन. बाबांचा आवाज सर्वांत मोठा. मोतीबिंदूमुळे त्यांना समोरचं माणूसही दिसत नाही, पण चेहरा उजळला होता. मिशनच्या शाळेत गुरुजी होते ते. मला अक्षरं मात्र घरीच शिकवली, चुलीपुढे, पवित्र शास्त्र मांडीवर घेऊन. शाळेत मी नंतर गेले. आई तेव्हा भाकरी थापत ऐकायची. तिला कोणीच शिकवलं नाही. आता घरात वाचणारी मी एकटी.
मी आमेन म्हटलं नाही. ओठ हलवले फक्त. तेही खोटंच.

१५ मार्च
लिहून टाकते. लिहिल्यावर कदाचित तोंडाने बोलता येईल.
१ जानेवारी. चर्चमध्ये वर्षाची वचनं, शास्त्रातली एकेक ओळ. चिठ्ठ्या दरवर्षीप्रमाणे मीच लिहिल्या, घड्या घालून ताटात फिरवल्या. ज्याच्या हाती जी येईल ती त्याची वर्षभराची. ज्यांना वाचता येत नाही त्यांची मी वाचून दाखवते. आईने उचलली, माझ्याकडे दिली. उघडली तर २ करिंथ १२:९. पौलाने अंगातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, काढ म्हणून तीनदा विनवणी केली आणि देवाने काढला नाही, माझी कृपा तुला पुरे म्हणाला, ते.
आईचा हात पदराखाली गाठीवर. डोळे माझ्यावर.
मी त्याऐवजी यिर्मया ३०:१७ म्हणाले. पाठ होतं. बरं करण्याचं, जखमा भरून काढण्याचं.
वाटलं होतं, धीर येईल आणि लातूरला यायला तयार होईल. ती म्हणाली, आता कशाला जायचं.
चिठ्ठी तिच्या कमरेच्या पिशवीत असते. दिवसातून चारदा चाचपते. आत माझ्या अक्षरात दुसरंच आहे.

१९ मार्च
शास्त्राच्या अगदी शेवटी ताकीद आहे. या वचनांत जो भर घालील त्याच्यावर पीडा येतील. ते पान बाबांनी मला लहानपणी तीनदा वाचायला लावलं होतं, एक शब्द गाळला म्हणून. एका शब्दासाठी तीनदा.
पीडा माझ्यावर यायला हव्या होत्या. मला तर साधी सर्दीही नाही.

२३ मार्च
शेजारच्या महादेवी अक्कांनी त्यांच्या बोअरचं पाणी दिलं. किराणा दुकान त्यांचं, गळ्यात लिंग, पण आईशी लग्न होऊन आल्यापासूनचं गूळपीठ. आईला म्हणाल्या, "माझी नणंद लातूरला जाऊन कापून घेऊन आली. आता खडी फोडतीया दुष्काळाच्या कामावर. तुमच्या देवाला लातूरचा रस्ता ठाव न्हाई का? जिल्हा झाल्यापासून समदे तिकडंच चाललेत, ह्यो एकटाच मागं राहिला."
आई हसली. "त्यो आधीच पोचलाय, अक्का. मलाच बोलवंना."
"मग जाऊन बघा की, हाय का तिथं!"
दोघी हसत होत्या. मी घागर उचलून आत आले.

२७ मार्च, झावळ्यांचा रविवार
मिरवणुकीला शिंदीच्या झावळ्या मिळाल्या त्या वाळलेल्या. होसान्ना म्हणत फिरलो तर नुसता खडखडाट. आईने डाव्या हाताने धरली.
घरी आल्यावर तिच्या चोळीला डाग. रक्त आणि पाणी. तांब्याभर पाण्यात धुतली, निघाला नाही. "बाबास्नी सांगू नगंस." त्यांना कुठे दिसणार आहे.

२९ मार्च
आज आईला रोजचा अध्याय वाचून दाखवला नाही, घसा बसला म्हटलं. स्वतःसाठी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. बाकीची रडून रडून शेवटी स्तुतीवर येतात. हे येत नाही. अंधारातच संपतं. तरी कोणीतरी ते शास्त्रात राहू दिलं. गोड करून ठेवलं नाही.
मला मात्र करावंसं वाटलं.

१ एप्रिल, उत्तम शुक्रवार
वधस्तंभाची तीन तासांची उपासना झाली. घरी येऊन चिठ्ठीचं सगळं सांगितलं. आई ज्वारी निवडत होती, बाबा बाजेवर.
आईने ज्वारीतला एक खडा काढून बाजूला टाकला. मग,
"मला वाचता येत न्हाई म्हनून?"
हो, म्हणूनच.
पिशवीतून चिठ्ठी काढली. "खरं काय आलतं ते वाच."
वाचलं.
"मग त्याचा काटा काढला का?"
"नाही."
"पुरं म्हंजे किती?" समोरच्या घागरीकडे बघत म्हणाली. "घागरभर का तांब्याभर?"
मी बाबांकडे बघितलं. इतक्या वर्षांचे गुरुजी.
ते एवढंच म्हणाले, "तुला अक्षर मी शिकवलं." आणि भिंतीकडे तोंड केलं.

३ एप्रिल, ईस्टर
आई आली, पण बायकांत मागे बसली. येशूच्या कबरीवरचा धोंडा लोटलेला होता, तो अध्याय मी वाचला. वाचताना प्रत्येक ओळीवर बोट ठेवलं. तिला दिसावं म्हणून.
घरी आल्यावर पाणी माझ्या हातचं घेतलं नाही. स्वतः उठून घेतलं, डाव्या हाताने.
संध्याकाळी बाबांशी बोलली, मी आतून ऐकलं. "तीन म्हैने मी लई सुखात होते, गुरुजी." ती अजून त्यांना गुरुजीच म्हणते. "तेवढे पन खोटे निघाले."
बाबा म्हणाले, "उद्या जा. ट्रंकेतला कागद घेऊन जा."

४ एप्रिल, सोमवार. अहमदपूर, एस.टी. स्टँड
गुडघ्यावर लिहिते आहे. सकाळी उठले तर आई धुतलेलं लुगडं नेसून दाराशी. डॉक्टरीणबाईंचा कागद तिनेच घेतला. माझ्याकडे देत नाही.
लातूरची गाडी साडेनऊची, दहा वाजून गेले. शेजारच्या बाकावर एक म्हातारे मास्तर, कपाळाला भस्म, पेपर वाचत होते. आईने पिशवीतून चिठ्ठी काढली आणि मला ओलांडून त्यांच्यापुढे धरली.
"एवढं वाचता का, दादा?"
त्यांनी चष्मा वर करून वाचलं. मी शुक्रवारी वाचलं तेच, शब्द न् शब्द. मीही मनात बरोबर वाचत होते, जणू माझ्याच अक्षरातलं बदलणार होतं.
"कुणी दिलं हो हे?"
"देवानं. अक्षर पोरीचं हाय."
घडी घालून पिशवीत ठेवली. मग डॉक्टरीणबाईंचा कागद उघडला आणि तोही त्यांच्यापुढे धरला.