एका चाकाचा खड्डा

बाबा, आज फरीदाबादच्या आमच्या वर्कशॉपमध्ये एका नव्या इंजिनिअर मुलीने मला विचारलं, "मॅम, प्रत्येक चाकाला वेगळं सस्पेन्शन असलेल्या सुरुवातीच्या गाड्या प्रॅक्टिकल होत्या का?" आणि मला आपली निळी गाडी आठवली. तुम्ही ती सेकंडहँड घेऊन आलात ती संध्याकाळ. आई ओट्याला टेकून पोळ्या लाटतेय. पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून बसचा एक धक्काही तिला सोसत नाही, म्हणून ती आपल्या दिल्लीच्या सरकारी क्वार्टरबाहेर पडलेलीच नाही. "सस्पेन्शनमुळेच घेतली," तुम्ही म्हणता, आणि ती दचकते. "अहो, कोण सस्पेंड झालं?" सरकारी नोकरीच्या घरात त्या शब्दाचा अर्थ एकच. तुम्ही हसत तिच्या हातचं लाटणं घेऊन त्याच्या दोन्ही टोकांवर चाकांसारख्या वाट्या पालथ्या घालता. एक उचलली की दुसरी कलते. मग मधलं लाटणं काढून, वाट्या सुट्या ठेवून म्हणता, "आता एका चाकाचा खड्डा दुसऱ्याला कळणार नाही."

शेजारच्या काकांनी तुम्हाला वेड्यात काढलं होतं. "यार, साधी पाट्यांच्या स्प्रिंगची गाडी घ्यायची. कुठलाही मिस्त्री ठोकून देतो." त्यांचं काही चुकलं नव्हतं. आपली गाडी टायर एकाच कडेने खायची, आणि सस्पेन्शनच्या सांध्यातल्या एखाद्या रबरी बुशसाठी तुमचा अख्खा रविवार करोल बागेत जायचा. फरीदाबादला मावशीकडे निघालो तेव्हा रस्ता नुसता उखडलेला होता. मागच्या सीटवर आई माझ्याशी बोलत होती, एकदाही कमरेला हात न लावता. एका वळणावर मात्र मागची चाकं आत दुमडली आणि गाडी सरळ कडेच्या मातीत सरकली. तुम्ही ती कशीबशी सावरून थांबवलीत. "विकून टाकतो," तुम्ही म्हणालात. आई म्हणाली, "हळू चालवा. पण हीच चालवा." त्या दिवशी मावशी तिला धरून किती रडली, आठवतं?

त्या मुलीला मी म्हटलं, "बिल्कुल नाही. पार्ट मिळायचे नाहीत, टायर टिकायचे नाहीत, वळणावर धोका." तिने मान डोलावली आणि ती कामाला लागली. उत्तर बरोबरच होतं, बाबा. तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. इतकी वर्षं हेच काम करूनही, तुमच्या जागी असते तर मीही तीच गाडी घेतली असती.